धागा: ड्रायरचे दिवे लागतात, पण स्टार्ट दाबल्यावर तो सुरूच होत नाही (बडोदे)

वाघोडिया_रोड | १४ जुलै, सकाळी १०.२०

नमस्कार. आमच्याकडे कपडे वाळवण्याचा स्वतंत्र ड्रायर आहे. सेमी-ऑटोमॅटिक मशीनची पिळण्याची टाकी नव्हे, तर गरम हवेचा, फिरत्या ड्रमचा आणि दमट हवा पाइपाने खिडकीबाहेर सोडणारा, सात किलोचा. एरवी तो झाकून ठेवलेला असतो, कारण उन्हाळ्यात गच्चीवर टाकलेली चादर बघता बघता कडक होते. पण पावसाळ्यात, घरात दोन शाळकरी मुले आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई असताना, त्याच्यावाचून आमचे चालत नाही. या वर्षी तो सुरुवातीला व्यवस्थित चालला आणि आता अचानक रुसला आहे. प्लग लावून खटका दाबला की पॅनेलवरचे दिवे लागतात, चकती फिरवली की प्रोग्रॅमही बदलतात, मात्र स्टार्टचे बटण दाबल्यावर काहीच घडत नाही: घरघर नाही, टक् असा आवाज नाही, जळका वास नाही.

वॉरंटी संपलेली आहे. एका मेकॅनिकला बोलावले होते. त्याने झाकण न खोलताच दाराचा स्विच गेला असणार असे सांगितले आणि तो "डायरेक्ट" करून देण्याची, म्हणजे स्विच वगळून वायरी सरळ जोडून टाकण्याची, तयारी दाखवली. मी त्याला थांबवले आहे. माझे दोन प्रश्न आहेत: घरच्या घरी, धोका न पत्करता, काय काय तपासून पाहता येईल, आणि स्विच डायरेक्ट करून घेण्यात काही गैर आहे का?

---

फतेगंज_कट्टा | १४ जुलै, सकाळी १०.५५

आधी साध्या गोष्टी पाहून घ्याव्यात. पॅनेलवर कुलपाचे किंवा बाळाच्या तोंडाचे चिन्ह लागलेले नाही ना? चाइल्ड लॉक चालू असताना बहुतेक ड्रायर अगदी असेच वागतात, आणि लहान मुलांच्या घरात ते बटण कोणी तरी हमखास दाबून ठेवते. तसेच उशिरा सुरू होण्याची वेळ लावली गेली असेल, तर यंत्र शांतपणे वाट पाहत बसते. स्टार्टचे बटणही नुसते टेकवून भागत नाही. काही यंत्रांत ते दोन-तीन सेकंद दाबून धरावे लागते.

---

वाघोडिया_रोड | १४ जुलै, सकाळी ११.३०

चाइल्ड लॉक नाही, वेळही लावलेली नाही. बटण दाबून धरूनही पाहिले.

---

कलाभवनी | १४ जुलै, दुपारी १२.४५

ताई, आपण लक्षणे नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे निम्मे काम झाले आहे. "ड्रायर सुरू होत नाही" या एकाच तक्रारीखाली तीन निराळ्या गोष्टी येतात. दिवासुद्धा लागत नसेल, तर दोष बहुधा यंत्राच्या बाहेर, म्हणजे प्लग, सॉकेट, वायर किंवा एमसीबी (वीज प्रमाणाबाहेर वाहिली की पडणारा खटका) यांत असतो. दिवे लागतात पण यंत्र हूं की चूं करत नाही, तेव्हा आतली एखादी सुरक्षा-यंत्रणा त्याला अडवत असते. आणि मोटर हुंकारते पण ड्रम फिरत नाही, तेव्हा कपॅसिटर (मोटरीला फिरायला जोर देणारा, वीज साठवणारा भाग), मोटर किंवा कुठे तरी अडकलेली वस्तू यांच्याकडे पाहावे लागते. आपला ड्रायर दुसऱ्या प्रकारातला आहे.

ड्रायर हे मुळातच संशयी यंत्र आहे, आणि ते तसेच असायला हवे. दोन हजार वॉटच्या आसपासचा हीटर, सुती कपडे आणि त्यांतून उडणारे तंतू हे सगळे एका बंद पेटीत एकत्र असल्यामुळे मोटरीला वीज मिळण्याआधी ती एकामागून एक चौक्यांवर तपासली जाते. पहिली चौकी दाराचा मायक्रोस्विच. दुसरी, काही यंत्रांत, ड्रमचा पट्टा ताणून धरणाऱ्या कप्पीजवळचा स्विच. पट्टा तुटला की कप्पी घसरते आणि तो स्विच मोटर चालू देत नाही. तिसरी थर्मल फ्यूज, म्हणजे ठरावीक तापमान ओलांडले की कायमचा तुटणारा छोटा भाग. मात्र कुठल्या यंत्रात तो मोटरीला अडवतो आणि कुठल्या यंत्रात नुसत्या हीटरला, हे रचनेवर अवलंबून असते. चौथा मोटरीच्या गुंडाळीत बसवलेला ओव्हरलोड, जो मोटर थंड झाली की आपोआप जुळतो. या चौक्यांपैकी कोणी अडवले आणि का अडवले, एवढेच आपल्याला शोधायचे आहे.

आता झाकण न खोलता करायच्या दोन तपासण्या सांगतो.

पहिली पट्ट्याची. प्लग काढून ठेवा, दार उघडा आणि रिकामा ड्रम हाताने फिरवा. पट्टा शाबूत असेल तर ड्रम थोडा जड लागतो, त्याच्यासोबत खालून मोटर फिरल्याची खरखर ऐकू येते आणि हात काढताच तो लगेच थांबतो. पट्टा तुटला असेल तर ड्रम वाऱ्यावर फिरल्यासारखा हलका फिरतो आणि हात काढल्यावरही थोडा फिरत राहतो.

दुसरी तपासणी दाराच्या स्विचची, आणि ती ड्रममध्ये दिवा असलेल्या यंत्रांतच करता येते. दार उघडल्यावर तो दिवा लागतो आणि बंद केल्यावर विझतो. आपले दार काचेचे असेल तर बाहेरूनच दिसेल. ते पत्र्याचे असेल तर मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा, मोबाइल ड्रममध्ये ठेवा, दार नेहमीसारखे लावा, थोड्या वेळाने उघडा आणि चित्रण पाहा. या वेळी स्टार्टच्या बटणाला कोणीही हात लावता कामा नये. दार लावल्यावरही दिवा जळत राहिला किंवा फडफडला, तर पहिल्याच चौकीवर गडबड आहे.

स्विच डायरेक्ट करण्याबद्दल सविस्तर लिहीन; तूर्त "करू नका" एवढेच.

---

कोठी_रोड | १४ जुलै, दुपारी ३.१०

कलाभवनी यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो की, डायरेक्ट करण्याचा एवढा बाऊ करण्याचे कारण मला दिसत नाही. आमच्या ड्रायरचा दाराचा स्विच मागेच डायरेक्ट केलेला आहे आणि यंत्र उत्तम चालते. दार उघडण्यापूर्वी ते बंद करायचे, एवढे पथ्य पाळले की झाले. सुटा भाग मिळेपर्यंत ओल्या कपड्यांचे ढीग घेऊन बसायचे का?

---

कलाभवनी | १४ जुलै, सायंकाळी ५.०५

कोठी_रोड, आपण पथ्य पाळता हे मान्य. पण ते पथ्य घरातल्या प्रत्येकाने, कामाला येणाऱ्या बाईंनी आणि सुट्टीत आलेल्या भाच्या-पुतण्यांनीही पाळले, तरच त्याचा उपयोग. ड्रम मिनिटाला सुमारे पन्नास फेरे घेतो आणि भरलेला असताना त्याचा झोत हाताने थांबत नाही. उघड्या दारातून बाहेर आलेली साडी किंवा ओढणी त्यात गुंडाळली गेली, तर ती धरणाऱ्याचा हातही आत खेचला जाऊ शकतो. लहान मूल लपायला आत शिरणे ही काही कल्पनेतली गोष्ट नाही, आणि दाराचा स्विच मुख्यतः त्यासाठीच असतो. शिवाय दार उघडे राहिले की हवेचा ठरलेला मार्ग तुटतो, हीटरभोवतीची उष्णता वाहून जात नाही आणि पुढच्या चौक्यांवर ताण येतो. इलेक्ट्रॉनिक पॅनेल असलेली काही यंत्रे तर दार कधी उघडलेच नाही असे समजून पुढचा प्रोग्रॅमच घेत नाहीत. म्हणजे एक दोष झाकून आपण दुसरा निर्माण करतो.

थर्मल फ्यूज डायरेक्ट करणे याहून वाईट. तो स्वतःहून क्वचितच जातो. फिल्टरची जाळी तंतूंनी भरली, मागचा पाइप भिंतीशी चेपला किंवा बाहेरच्या तोंडाशी अडथळा आला की हवा अडते, हीटर तापतो आणि फ्यूज तुटतो. त्याच्या जागी वायरचा तुकडा जोडला की कारण तसेच राहते आणि आगीला अडवणारे कोणी उरत नाही. याच सवयीपायी आपल्याकडे चांगली चांगली यंत्रे धोकादायक होऊन बसतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

वीज जाण्याचाही इथे संबंध आहे. यंत्र ऐन तापलेले असताना वीज गेली तर पंखा थांबतो, पण हीटरमधली उष्णता लगेच निवत नाही. ती तिथेच साठते आणि काही वेळा थर्मल कटआउट, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच, पडतो. वीज आल्यावर लोक म्हणतात की व्होल्टेजने यंत्र उडवले. काही यंत्रांत या कटआउटला मागच्या बाजूने हाताने दाबायचे छोटे बटण असते. यंत्र पूर्ण थंड झाल्यावर, प्लग काढून, ते दाबून पाहावे. याच कारणाने प्रोग्रॅम मध्येच बंद करून तापलेले यंत्र तसेच सोडू नये, शेवटची थंड हवेची मिनिटे त्याला मिळू द्यावीत.

---

दूरदेशी_न्यू_जर्सी | १४ जुलै, रात्री ९.३०

मूळचा बडोद्याचाच, आता अमेरिकेत. व्हिडिओ पाहून दुरुस्ती करणाऱ्यांसाठी एक सूचना द्यावीशी वाटते. इथल्या विजेच्या ड्रायरला २४० व्होल्टची जोडणी असते, पण तिच्यात १२० व्होल्टच्या दोन बाजू असतात. हीटर दोन्ही बाजूंवर चालतो, तर मोटर सहसा एका बाजूवर आणि न्यूट्रलवर. त्यामुळे पॅनेलमधल्या जोड-ब्रेकरची एकच बाजू गेली तर ड्रम फिरतो पण कपडे थंड राहतात, किंवा उलट दिवाही लागत नाही. "ब्रेकर पूर्ण पाडून पुन्हा चढवा" हा इथल्या व्हिडिओंमधला पहिला उपाय त्यासाठी असतो. भारतातल्या २३० व्होल्टच्या एका फेजवरच्या ड्रायरला तो लागू पडत नाही. तसेच इथल्या पुष्कळ यंत्रांत पंख्याच्या आवरणावरचा, सुमारे ९१ अंश सेल्सियसचा थर्मल फ्यूज गेला की मोटर सुरूच होत नाही. कलाभवनी यांनी वर म्हटल्याप्रमाणे भारतातल्या यंत्रात तेच असेल असे गृहीत धरून फ्यूज मागवू नये.

---

वाघोडिया_रोड | १५ जुलै, सकाळी ११.१५

ड्रम हाताने फिरवला. जड लागला, खालून खरखर ऐकू आली, हात काढताच थांबला. म्हणजे पट्टा शाबूत असावा.

आमच्या ड्रायरचे दार पत्र्याचे आहे, म्हणून मोबाइलची युक्ती केली. चित्रणात दार लागल्यावर क्षणभर अंधार होतो, मग ड्रममधला दिवा मंद लागतो, विझतो आणि पुन्हा लागतो. दार लावून वरच्या कोपऱ्यावर तळहाताने जोर दिल्यावर एकदा अंधार टिकला. त्या वेळी, कोणी ओरडणार नसेल तर सांगते, मी दार तसेच दाबून धरून स्टार्ट दाबले आणि यंत्र सुरू झाले. हात सैल करताच थांबले.

---

कलाभवनी | १५ जुलै, दुपारी १२.००

ओरडत नाही, दार बंदच होते. निदान जवळपास झाले. आता एवढेच ठरवायचे की स्विच बिघडला आहे, की दाराचा आकडा झिजल्यामुळे किंवा बिजागरी खाली बसल्यामुळे तो पुरता दाबलाच जात नाही. त्यासाठी मल्टिमीटर लागेल. घरात कोणाकडे आहे का?

प्लग भिंतीतून काढा. नुसता खटका बंद करून भागणार नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये खटका फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असणे मुळीच दुर्मीळ नाही. दाराच्या चौकटीत, आकडा जिथे शिरतो त्या खाचेच्या बाजूला, बहुतेक दोन स्क्रूंवर तो स्विच बसवलेला असतो. तो हळूच बाहेर ओढा, वायरी काढण्यापूर्वी फोटो घ्या आणि मीटर ओहमवर लावा. साधारण तीन पत्त्या असतात: एक सामाईक, एक स्विच दाबल्यावर जुळणारी आणि एक सुटल्यावर जुळणारी, या तिसरीवर दिवा असतो. स्विचचे बोंड बोटाने पूर्ण दाबले असता सामाईक आणि दाबल्यावर जुळणारी यांच्यामध्ये मीटरने शून्याच्या आसपास, अर्ध्या ओहमच्या आत दाखवले पाहिजे, आणि बोट तसेच असताना आकडा नाचता कामा नये.

---

मांजलपूरकर | १५ जुलै, दुपारी २.४०

धाग्यात मध्येच शिरतो, क्षमस्व. आमचा ड्रायर स्टार्ट दाबल्यावर "हूंऽऽ" असा आवाज करतो, ड्रम फिरत नाही आणि काही सेकंदांनी आवाजही थांबतो. अर्ध्या तासाने पुन्हा तेच.

---

कलाभवनी | १५ जुलै, दुपारी ३.३०

मांजलपूरकर, आपले यंत्र तिसऱ्या प्रकारातले. वीज मोटरीपर्यंत पोहोचते आहे, म्हणजे सगळ्या चौक्यांनी तिला सोडले आहे. फक्त मोटर उठत नाही, तापते, ओव्हरलोड तिला तोडतो आणि ती निवली की पुन्हा जोडतो. वारंवार प्रयत्न करू नका, गुंडाळी जळेल.

प्रथम प्लग काढून ड्रम फिरवून पाहा. ड्रम आणि पुढची नमद्याची पट्टी यांच्यात पायमोजा किंवा बाळाचे झबले अडकले असेल तर तो जागीच जाम लागेल. ड्रम मोकळा फिरत असेल तर कपॅसिटरवर संशय घ्या. या मोटरींचा कपॅसिटर बहुधा आठ-दहा मायक्रोफॅरडचा असतो. अंगावर छापलेला आकडा आणि कपॅसिटर मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा यांत किरकोळ फरक चालतो, पण आठच्या जागी पाच दिसले तर तो बदलावा, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टेजचा. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते. ती स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे, तर जुन्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी टेकवून उतरवावी.

व्होल्टेजही मोजून घ्या. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले की तो सुमारे ६१ टक्क्यांवर येतो, आणि ओथंबलेल्या सतरंज्यांनी भरलेला ड्रम तेवढ्यात उठत नाही. कपडे वॉशिंग मशीनमध्ये नीट पिळून, ड्रम अर्धा भरून पाहा.

---

गोत्रीकर | १५ जुलै, सायंकाळी ६.२०

माझी तक्रार आणखी निराळी. ड्रायर मागच्या पावसाळ्यानंतर काढलाच नव्हता. काल लावला, तर सुरू होताच घरातली आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा सुरक्षा-खटका) पडते आणि सगळे घर अंधारात जाते. एमसीबी पडत नाही. इलेक्ट्रिशियनचे म्हणणे असे की आरसीसीबी जुनी झाली असून ती काढून टाकावी.

---

फतेगंज_कट्टा | १५ जुलै, सायंकाळी ६.५०

फ्रिज, गिझर, इस्त्री या कशाने ती पडत नसेल आणि ड्रायरनेच पडत असेल, तर दोष तिच्या वयाचा कसा? आमच्याकडे तिच्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहतात; आपणही दाबा. खटकन पडली तर ती आपले काम चोख करते आहे.

---

कलाभवनी | १५ जुलै, रात्री ८.१०

अगदी बरोबर. गोत्रीकर, आरसीसीबी काढू नका. घरगुती आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर पडते, म्हणजे वीज कुठून तरी अर्थिंगकडे वाट काढते आहे. आपला ड्रायर वर्षभर बंद होता हे इथे महत्त्वाचे आहे. नळीच्या आकाराच्या हीटरमध्ये तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी असते. ती कोरडी असताना उत्तम इन्सुलेशन देते, पण टोकाच्या सीलमधून तिच्यात दमट हवा मुरते. एक साधी चाचणी करा: यंत्रात थंड हवेचा प्रोग्रॅम असेल तर तो लावा. त्यावर आरसीसीबी पडली नाही आणि उष्णतेच्या प्रोग्रॅमवर पडली, तर दोष हीटरच्या बाजूला आहे.

साध्या मल्टिमीटरने ही गळती सापडेलच असे नाही, कारण तो थोड्याशा व्होल्टवर मोजतो. मेगर (जास्त व्होल्टवर इन्सुलेशन मोजणारा मीटर) असलेल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि हीटर यंत्रापासून सोडवून, त्याची तार व नळी यांच्यात ५०० व्होल्टवर मोजायला सांगा. एक मेगाओहमच्या खाली आले तर हीटर सुकवावा लागेल किंवा बदलावा लागेल. काही ड्रायरमध्ये नळीऐवजी उघड्या तारेची वेटोळी असते. तिथे ओल मुरण्याचा प्रश्न नसतो, पण वेटोळे सैल पडून पत्र्याला टेकलेले असते. तेही पाहावे.

---

समा_सावली | १५ जुलै, रात्री १०.००

याच संदर्भात, ऑगस्ट २०२४ च्या पुरात ज्यांच्या तळमजल्यावर विश्वामित्रीचे पाणी आले होते त्यांचा अनुभव विसरू नये. आमच्या सोसायटीत पाणी उतरल्यावर दोन-तीन दिवसांतच लोकांनी यंत्रे उन्हात ठेवून लगेच चालू केली आणि मोटरी जाळल्या. बाहेरून कोरडे दिसणारे यंत्र आतून चिखलाने भरलेले असते. आमचा ड्रायर पूर्ण खोलून, गोड्या पाण्याने धुऊन, कनेक्टर स्वच्छ करून, गुंडाळी आणि हीटर मेगरने तपासल्यावरच आम्ही त्याला वीज दिली. पॅनेलचा बोर्ड मात्र बदलावाच लागला.

---

वाघोडिया_रोड | १६ जुलै, सकाळी ९.५०

काल रात्री माझे दीर मल्टिमीटर घेऊन आले. प्लग काढून स्विच बाहेर ओढला. बोंड दाबल्यावर मीटरने आधी ०.४ ओहम दाखवले, मग बोट न हलवता ८५, मग काहीच नाही, मग पुन्हा १२. तिसऱ्या पत्तीवर, म्हणजे दिव्याच्या बाजूलाही तोच गोंधळ. बोंड आत जाई, पण सुटताना चिकटल्यासारखे हळू बाहेर येई.

स्विच पांढऱ्या कागदावर आपटल्यावर त्यातून मेलेल्या बारीक लाल मुंग्यांची पूड पडली. सोबत राखाडी तंतूंचा आणि कपडे मऊ करण्याच्या द्रवाचा असावा असा चिकट थर. दिरांनी सुईने एक बाजू उचकटली तर संपर्काच्या दोन्ही टिकल्या काळ्या पडलेल्या होत्या. दाराचा आकडा मात्र शाबूत आहे. नवीन स्विच आणेपर्यंत आम्ही त्याला हात लावणार नाही.

---

कलाभवनी | १६ जुलै, सकाळी १०.३०

मुंग्यांना उबदार, बंद जागा आवडते, आणि स्विचमध्ये एखादी मुंगी विजेने मेली की बाकीच्या तिच्यामागे येतात. विहिरीच्या पंपाच्या स्टार्टरमध्येही हेच होते. घासून साफ केलेला स्विच थोडे दिवस चालतो आणि पुन्हा दगा देतो, त्यामुळे नवीनच बसवावा. दुकानात जुना स्विच सोबत न्यावा. पत्त्यांची संख्या, स्क्रूच्या भोकांमधले अंतर, बोंडाची लांबी आणि अंगावर छापलेले अँपिअर या चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. बोंड दोन मिलिमीटरने आखूड असले तरी दार लागूनही यंत्राला ते उघडेच वाटेल.

यंत्र सुरू झाले की लगेच सासूबाईंच्या चादरी भरू नका. आधी मागचा पाइप काढून त्याचे दोन्ही शेवट पाहा.

---

वाघोडिया_रोड | १७ जुलै, सायंकाळी ७.१५

जुन्या शहरातल्या सुट्या भागांच्या दुकानात स्विच मिळाला, दीडशे रुपयांच्या आत. दुकानदारांनी जुना हातात घेऊन बोंडाची लांबी आपणहून जुळवून पाहिली. दिरांनी फोटो बघून वायरी लावल्या, प्लग लावण्यापूर्वी दार उघडझाप करून मीटरने पुन्हा तपासले आणि मग स्टार्ट दाबले. यंत्र पहिल्याच दाबण्याला सुरू झाले. दार उघडले की थांबते, लावून पुन्हा स्टार्ट दाबले की चालते.

काका, आपण पाइप पाहायला सांगितले म्हणून पाहिला. आतल्या बाजूने चेपलेला नव्हता, पण खिडकीबाहेरच्या तोंडात कबुतराने काड्या, झाडूचे हीर आणि वायरीचे तुकडे कोंबले होते. निम्मे तोंड बंद. घरट्यात अंडी नव्हती, त्यामुळे ते काढून टाकले आणि बाहेर जाळी बसवली. जाळीची भोके मोठी ठेवावीत की बारीक?

---

कलाभवनी | १७ जुलै, रात्री ८.००

मोठी. बोट जाईल एवढी. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावली तर यंत्रातून येणारे तंतू तिच्यावरच जमतात, नमद्यासारखा थर तयार होतो आणि हवा घरट्यापेक्षाही जास्त अडते. मोठ्या भोकांची जाळीसुद्धा अधूनमधून झटकावी लागेल. आतल्या फिल्टरची जाळी मात्र प्रत्येक फेरीनंतर साफ करा. कधी तरी ती नळाखाली धरून पाहा. पाणी तिच्यावर तळ्यासारखे साचून राहिले तर कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा न दिसणारा थर बसलेला आहे असे समजून साबण आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासावी आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावी.

---

कोठी_रोड | १७ जुलै, रात्री ८.४५

दीडशे रुपयांत मिळत असेल तर मीही आणतो. त्या दुकानदारांना तीन पत्त्यांचा स्विच म्हणून सांगितले की पुरे का?

---

वाघोडिया_रोड | १७ जुलै, रात्री ९.००

जुना स्विच काढून सोबतच न्या. आमच्यासमोर एका गृहस्थांना नुसत्या वर्णनावर तीन निरनिराळे स्विच दाखवले गेले आणि तिघांचेही बोंड वेगळे होते.

---

मांजलपूरकर | १८ जुलै, सकाळी १०.१०

आमचा कपॅसिटर आठचा होता, मीटरवर ४.६ दाखवला. नवीन घातल्यावर ड्रम फिरू लागला. व्होल्टेज संध्याकाळी २१५ च्या आसपास आहे, म्हणजे त्याचा दोष नव्हता. आभारी आहे.

---

गोत्रीकर | १८ जुलै, दुपारी १.३०

थंड हवेवर आरसीसीबी पडली नाही. मेगर असलेले दुसरे इलेक्ट्रिशियन आले होते, हीटर ०.२ मेगाओहम, मोटर ५० च्या वर. दोन तारा सोडवून त्यांनी हीटर बाहेर काढून ठेवला आहे. तो सुकवून वापरावा की नवाच आणावा, आणि नवा आणायचा तर किती वॉटचा? यंत्राच्या मागचे लेबल पुसले गेले आहे.

---

कलाभवनी | १८ जुलै, दुपारी २.२०

टोकाची सील तडकलेली दिसत असेल तर सुकवण्यात अर्थ नाही, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच होईल; नवाच आणा. वॉट हीटरच्या बसवायच्या पत्र्यावर कोरलेले असतात, पुसून पाहा. तिथेही नसतील तर मल्टिमीटरने हीटरच्या दोन टोकांमधले ओहम मोजा आणि २३० च्या वर्गाला, म्हणजे ५२,९०० ला, त्या आकड्याने भागा. २६ ओहमच्या आसपास आले तर तो दोन हजार वॉटचा. दोन स्वतंत्र वेटोळी असतील तर चार टोके दिसतील. प्रत्येक जोडी वेगळी मोजून दोन्ही आकडे इथे लिहा.